दुरून दिसलेला देश

लोकप्रियता आणि गुणवत्ता यांचें नातें काय, हा प्रश्न टीकाशास्त्राइतकाच जुना आहे, आणि त्याचीं दोन सोपीं उत्तरेंही तितकींच जुनीं आहेत. एक पक्ष म्हणतो, ज्या कृतीला लाखों लोकांनीं आपलीशी केली तिच्यांत कांहीं तरी असलेंच पाहिजे. लोक इतके खुळे नसतात. दुसरा पक्ष म्हणतो, जें इतक्यांना एकदम आवडलें तें उथळच असलें पाहिजे. लोक इतके शहाणे नसतात. दोन्ही पक्षांना एक सोय सारखीच लाभते. ती ही कीं, प्रत्यक्ष कृति वाचण्याची किंवा ऐकण्याची तसदी घेतल्यावांचून निकाल देतां येतो. पाश्चात्य सुगम संगीताच्या क्षेत्रांत तर यशाचा आंकडा दर आठवड्यास छापूनच येतो. त्यामुळें तेथें ही सोय अधिकच मोठी.

अशा दोन सोप्या निकालांच्या कचाट्यांत सांपडलेली एक तबकडी आज आम्हीं विचारास घेतली आहे. ‘अमेरिका’ हें तिचें नांव, आणि जिनें ती गाइली त्या गायकत्रयीचेंही नांव ‘अमेरिका’च. ही तबकडी १९७१ च्या अखेरीस इंग्लंडांत प्रसिद्ध झाली आणि १९७२ च्या आरंभीं एका नव्या गाण्याची भर घालून पुन्हां काढण्यांत आली. २५ मार्च १९७२ च्या ‘बिलबोर्ड’ साप्ताहिकाच्या कोष्टकांत ती लांब तबकड्यांमध्यें पहिली होती. आणि भर घातलेलें तें गाणें, ‘ए हॉर्स विथ नो नेम’, सुट्या गाण्यांमध्यें पहिलें होतें. गाणें त्या जागीं तीन आठवडे राहिलें, तबकडी पांच आठवडे. पहिल्याच कृतीला असें दुहेरी यश क्वचितच लाभतें. चाहत्यांनीं जयघोष केला. टीकाकारांनीं नाकें मुरडलीं. आज पन्नास वर्षांहून अधिक काळ लोटला आहे आणि दोन्ही आवाज बरेच खालीं आले आहेत. तेव्हां ती तबकडी स्वतः काय म्हणते हें ऐकावयास ही वेळ चांगली आहे.

ज्या गीतप्रकाराला ‘सॉफ्ट रॉक’ म्हणतात त्याविषयीं दोन शब्द आधीं सांगणें अवश्य आहे. गेल्या शतकाच्या सातव्या दशकांत रॉक संगीत उत्तरोत्तर मोठ्या आवाजाचें होत गेलें. विजेच्या गिटारींचा कर्कश नाद आणि ड्रमांचा दणदणाट यांत गाणाऱ्याचे शब्द बुडून जात, आणि ते बुडावे अशीच पुष्कळदां योजना असे. दशक संपतां संपतां या गोंगाटाला प्रतिक्रिया सुरू झाली. साधी लांकडी गिटार, दोन-तीन कंठांचा मेळ, मध्यम लय आणि घराच्या चार भिंतींत मावणाऱ्या भावना, हीं तिचीं लक्षणें. १९६९ मध्यें क्रॉस्बी, स्टिल्स व नॅश या तिघांची तबकडी निघाली. १९७० मध्यें जेम्स टेलर यांची ‘स्वीट बेबी जेम्स’ आली. १९७१ मध्यें कॅरोल किंग यांची ‘टॅपेस्ट्री’ अमेरिकेंत पंधरा आठवडे पहिल्या जागीं राहिली. मोर्चे, दंगली आणि व्हिएतनामचें युद्ध यांनीं शिणलेली पिढी घरीं परतून दार लोटून बसली, आणि त्या बंद खोलींत तिला ऐकावेंसें वाटलें तें हें संगीत. त्यावरचा आक्षेपही येथेंच जन्मास आला: बाहेर घर जळत असतां आंत बसून मंद सुरांत गाणें हा पळपुटेपणा नव्हे काय? हा आक्षेप वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. प्रस्तुत तबकडीचा खरा न्याय त्याच्याच उत्तरावर अवलंबून आहे.

या तिघांची कुळकथा त्यांच्या गाण्यांइतकीच बोलकी आहे. गेरी बेक्ली, ड्यूई बनेल आणि डॅन पीक हे तिघेही अमेरिकन विमानदलांत नोकरीस असलेल्यांचे मुलगे. दुसऱ्या महायुद्धानंतरही इंग्लंडांत अमेरिकन विमानदलाचे तळ राहिले, आणि तेथील नोकरदारांच्या मुलांसाठीं लंडनजवळ अमेरिकन पद्धतीची शाळा चाले. त्या ‘लंडन सेंट्रल हायस्कूल’मध्यें या तिघांची गांठ पडली. बेक्ली आणि बनेल यांच्या माता इंग्रज. बनेल यांचा तर जन्मच यॉर्कशरमधील हॅरोगेट गांवीं झालेला. बेक्ली टेक्सासचे, पीक फ्लॉरिडाचे. सरकारी नोकरींतील बदल्यांचा अनुभव ज्या घरांनीं घेतला आहे त्यांना अशा बालपणाची कल्पना सहज येईल. आज एक तळ, उद्यां दुसरा. शाळा, सोबती, अंगणांतलें झाड, सारें मागें टाकून पुन्हां नवी ओळख करावयाची. अशा मुलाला ‘तुझें गांव कोणतें?’ असें विचारलें तर तो क्षणभर घुटमळतो. या तिघांना त्याचें एकच उत्तर देतां येत होतें, आणि तें त्यांनीं आपल्या मेळ्याला नांव म्हणून दिलें.

त्या नांवामागें एक व्यावहारिक हेतुही होता. त्या काळीं इंग्लंडांतील कित्येक गायक अमेरिकन उच्चार उचलून गात. आपण तसे सोंग आणणारे नसून खरोखरीचे अमेरिकन आहों हें लोकांना कळावें, असें या तिघांना वाटे. तळावरील भोजनगृहांत पैसे टाकून गाणीं वाजविण्याचें ‘अमेरिकाना’ नांवाचें एक यंत्र होतें, त्यावरून हें नांव सुचलें असें ते सांगतात. म्हणजे देशाचें नांव घेतलें तेंही परमुलुखांतील एका यंत्रावरचें वाचून! गोष्ट विनोदी आहे, पण तींत या तबकडीचें सारें मर्म आहे. देशांत राहणारा मनुष्य देशाचें नांव लावून हिंडत नाहीं. तें लावण्याची गरज बाहेर राहणाऱ्याला पडते.

१९७१ मध्यें लंडनच्या ट्रायडेंट स्टुडिओंत ध्वनिमुद्रण झालें, तेव्हां बनेल आणि बेक्ली अठरा-एकोणीस वर्षांचे होते आणि पीक विशींतले. निर्माते होते इयान सॅमवेल. यांनींच १९५८ मध्यें क्लिफ रिचर्ड यांच्यासाठीं ‘मूव्ह इट’ हें गाणें रचून इंग्लंडांतील रॉक संगीताला आरंभींचें वळण दिलें होतें. त्यांच्या जोडीला जेफ डेक्स्टर होते. ‘बीटल्स’च्या ‘सार्जंट पेपर’ तबकडीप्रमाणें वाद्यांचा व ध्वनियुक्त्यांचा थाटमाट उभारावा असें या पोरांच्या मनांत होतें. डेक्स्टर यांनीं तो बेत मोडून त्यांना त्यांच्या लांकडी गिटारींकडेच परत वळविलें. हा सल्ला फार मोलाचा ठरला. तरुण कलावंताला काय करावें हें सांगणारे पुष्कळ भेटतात. काय करूं नये हें सांगणारा भेटणें हें भाग्य.

या साधेपणाचा लाभ कोठें झाला हें पाहावयाचें तर त्यांच्या कंठमेळाकडे वळावें. आपल्या कानाला एका वेळीं एकच स्वरावलि ऐकण्याची संवय आहे. तंबोरा तिला पार्श्वभूमि देतो, सारंगी किंवा पेटी तिच्या मागून चालते. पाश्चात्य कंठमेळांत तीन कंठ एकाच वेळीं तीन निरनिराळ्या स्वरांवर असतात, आणि तिन्हींच्या अंतरांतून चौथीच एक गोडी निर्माण होते. या तिघांचे आवाज वेगळे खरे, पण एकाच अंगणांत वाढल्यासारखे. बनेल यांचा आवाज किंचित् नाकांतला व कोरडा, बेक्ली यांचा उंच आणि स्निग्ध, पीक यांचा या दोहोंना जोडणारा. त्यांचा मेळ शास्त्रशुद्ध तालमीनें घोटलेला वाटत नाहीं. एका शाळेच्या व्हरांड्यांत जमून आला असावा असा वाटतो. ‘रिव्हरसाइड’ या पहिल्याच गाण्यांत गिटारींच्या झपझप चाललेल्या तारांवर हे तीन आवाज उमटतात, तेव्हां श्रोत्याच्या मनांत वारा शिरल्यासारखें होतें. त्या गाण्यांतील नायकाला नदीकांठच्या साध्या जगण्याखेरीज कांहीं नको आहे. कोणाशीं भांडण नाहीं, कोणाकडे मागणें नाहीं. पण ही नदी कोणती? तिला नांव नाहीं. पुढें घोड्यालाही नांव नाहीं. या तबकडीला नांव आहे तें एका देशाचें, आणि तो मात्र कोठें दिसत नाहीं.

आतां त्या घोड्याकडे वळूं. प्रथम निघालेल्या तबकडींत हें गाणें नव्हतें. खप बेताचा होता. लोकांच्या तोंडीं बसेल असें आणखी एखादें गाणें हवें, असें प्रकाशकांना वाटलें. तेव्हां बनेल यांनीं एक गाणें पुढें केलें. त्याचें मूळ नांव होतें ‘डेझर्ट साँग’, म्हणजे ‘वाळवंटाचें गाणें’. इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यांत, गायक आर्थर ब्राउन यांच्या घरच्या स्टुडिओंत त्याचा कच्चा खर्डा मुद्रित झाला. बनेल लहान असतां त्यांचे वडील कॅलिफोर्नियांतील व्हॅन्डेनबर्ग तळावर होते आणि त्या दिवसांत अॅरिझोना व न्यू मेक्सिको यांच्या वाळवंटांतून कुटुंबाचा प्रवास झाला होता. त्या आठवणीला सालव्हादोर डालीचें वाळवंटाचें एक चित्र आणि एशरच्या चित्रांतील एक विलक्षण घोडा यांची जोड मिळाली. म्हणजे या वाळवंटांत कवि उभा नाहीं. तो इंग्लंडच्या पावसाळी आभाळाखालीं बसला आहे, आणि बालपणांत मोटारीच्या कांचेंतून पाहिलेलें ऊन चित्रांतून पुन्हां पाहत आहे.

गाण्याची रचना अगदींच साधी. आरंभापासून शेवटपर्यंत गिटारीचे दोनच स्वरमेळ आलटून पालटून येतात. त्यांच्याखालीं तालवाद्याची संथ, न थकणारी टापटाप. आमच्या कानाला हें परकें वाटत नाहीं, कारण एका आधारस्वरावर तासन् तास बसण्याची आम्हांला संवय आहे. पाश्चात्य श्रोत्याला मात्र स्वरमेळ बदलत जाण्याची अपेक्षा असते. ती येथें पुरविली जात नाहीं, आणि त्या न पुरविण्यांतच वाळवंट निर्माण होतें. कितीही चाललें तरी क्षितिज तेंच. ध्रुवपदाच्या शेवटीं शब्दही संपतात आणि निरर्थक अक्षरांवर सूर तरंगत राहतो. ही योजना जाणूनबुजून केलेली असो वा अननुभवांतून आलेली असो, ती साधली आहे.

टीकाकारांचे दोन मोठे आक्षेप याच गाण्यावर आहेत. पहिला अनुकरणाचा. बनेल यांचा कंठ नील यंग यांच्या कंठाशीं इतका मिळतो कीं, पुष्कळांना हें यंग यांचेंच गाणें वाटलें. योगायोग असा कीं, त्या मार्चमध्यें पहिल्या जागेवरून जें गाणें हटलें तें यंग यांचें ‘हार्ट ऑफ गोल्ड’, आणि जी तबकडी हटली ती त्यांचीच ‘हार्व्हेस्ट’. प्रतिमेनें मूळ पुरुषाला त्याच्याच आसनावरून उठवावें, असा हा प्रकार लोकांना वाटला. साम्य आहे, आणि तें नाकारण्यांत अर्थ नाहीं. एकोणीस वर्षांच्या मुलाला स्वतःचा आवाज गंवसण्यापूर्वीं दुसऱ्याचा आवाज लागणें हें नैसर्गिकच आहे. पण तोच आवाज त्यानें कां निवडला, हें विचारण्यासारखें आहे. नील यंग हेही तेव्हां अमेरिकन नव्हते. ते कॅनडांतून कॅलिफोर्नियांत आलेले. त्या एकाकी, कांपऱ्या, उंच कंठांत वाटसरूचें जें परकेपण आहे तें या मुलाला आपलें वाटलें असावें. असें असेल तर हें अनुकरण केवळ लकबीचें नाहीं.

दुसरा आक्षेप शब्दांचा. वाळवंटांतील उष्णतेला कवि उष्ण यापलीकडे विशेषण देत नाहीं. झाडें, पक्षी, दगड असें मोजतां मोजतां शब्द संपतात आणि बाकीच्या साऱ्या सृष्टीला तो ‘वस्तु’ म्हणून मोकळा होतो. हें काव्य कीं बाजाराची यादी, अशी थट्टा आजवर चालू आहे. आमच्या साहित्यशास्त्रांत पुनरुक्ति हा दोषच सांगितला आहे. परंतु त्याच शास्त्रांतील प्राचीन आचार्य भामह यांनीं एक अपवादही सांगून ठेवला आहे: भय, शोक, असूया, हर्ष आणि विस्मय यांच्या भरांत बोलणाऱ्याच्या तोंडीं पुनरुक्ति दोष ठरत नाहीं. जो खरोखर चकित झाला आहे तो विशेषणें शोधीत बसत नाहीं. या गाण्यांतला प्रवासी पहिल्यांदाच एवढें ऊन पाहणारें मूल आहे असें मानून तें ऐकावें. मग त्या दरिद्री शब्दांत एक खरेपणा दिसूं लागतो. परत आलेल्या लहान मुलाला ‘काय काय पाहिलेंस?’ असें विचारलें तर तें अशीच यादी सांगेल आणि शेवटीं हात पसरून ‘आणि बरेंच कांहीं’ असें म्हणेल.

तथापि, हा बचाव शेवटच्या कडव्यापर्यंत टिकत नाहीं. तेथें मुलाचा एकाएकीं तत्त्वज्ञ होतो. समुद्र आणि वाळवंट यांचें साम्य, शहरांच्या तळाशीं असलेलें हृदय, मनुष्यजातीचें निष्ठुरपण, असा उपदेश तो करूं लागतो, आणि त्या भरांत यमकासाठीं एकच शब्द दोनदां वापरण्याचाही त्याला संकोच वाटत नाहीं. येथें विस्मय नाहीं, म्हणून भामहांचा आधारही नाहीं. नऊ दिवस वाळवंटांत चाललेल्या प्रवाशाला शेवटीं कांहीं तरी सांपडलेंच पाहिजे, या भयानें कवीनें हें शहाणपण पदरमोड करून आणलें आहे. तें नसतें तर गाणें अधिक मोठें झालें असतें.

लोकांनीं त्या घोड्याचा भलताच अर्थ लावला, हेंही येथें सांगावें लागतें. अमेरिकन बोलींत ‘घोडा’ हा शब्द हेरॉइन या मादक द्रव्याला लावीत. त्यावरून हें व्यसनाचें गाणें आहे असा बोभाटा झाला, आणि कॅन्सस सिटीसारख्या ठिकाणच्या रेडिओ केंद्रांनीं तें वाजविणें बंद केलें. कवीनें हा अर्थ नाकारला. आमच्या मतें ही गैरसमजूत कवीपेक्षां त्या काळाविषयींच अधिक सांगते. वाळवंटांत जाऊन शांत होणें ही इच्छा सरळ असूं शकते, यावर तेव्हां कोणाचा विश्वासच उरला नव्हता.

परंतु या गाण्याची चर्चा एवढी लांबली, यांतच या तबकडीवर झालेला अन्याय दिसून येतो. तींत आणखी अकरा गाणीं आहेत, आणि त्यांतील उत्तम गाणें हें नव्हे. बेक्ली यांचें ‘आय नीड यू’ घ्या. तें पुढें स्वतंत्रपणें निघून अमेरिकेंत नवव्या जागेपर्यंत गेलें. पियानोवर चाललेली ही एक साधी विनवणी आहे: गेलेल्या प्रेमाला पुन्हां हांक. तिच्यांत अलंकार नाहीं, प्रतिमा म्हणावी तर एकाददुसरी. पण प्रत्येक ओळीच्या शेवटीं स्वर जेथें वळतो तेथें गाणारा अधिक उघडा पडत जातो. शब्द साधे असावेत ही अट घोड्याच्या गाण्यांत अंगावर आली होती. येथें ती अंगांत भिनली आहे.

आणि ‘सँडमन’? युरोपीय बाललोककथांत मुलांच्या डोळ्यांत वाळू टाकून त्यांना निजविणारा एक म्हातारा आहे. त्याचें हें नांव. बनेल यांनीं सांगितलें आहे कीं, व्हिएतनामहून आलेल्या सैनिकांच्या बोलण्यांतून हें गाणें सुचलें. झोप लागली तर मरण येईल या भीतीनें ते रात्रीं जागून काढीत. गाण्यांत मित्र भेटतात, विमानें जमिनीवर उभीं आहेत, आणि हळूहळू लक्षांत येतें कीं हा प्रसंग आनंदाचा नाहीं. ज्याच्या येण्यानें मूल निश्चिंत व्हावें त्याच्याच भयानें येथें तरणाताठा मनुष्य पळत आहे. ज्यांचे वडील विमानदलांत होते त्या मुलांनीं हें गाइलें आहे, हें विसरतां येत नाहीं. त्यांनीं युद्धाविरुद्ध घोषणा केली नाहीं. युद्धावरून आलेल्या मनुष्याच्या डोळ्यांतील झोप गेली आहे, एवढेंच पाहिलें. पीक यांच्या ‘डाँकी जॉ’मध्यें हाच प्रश्न उघडपणें विचारला आहे: मोठ्यांना शहाणपण येण्यासाठीं मुलांनाच कां पुढें व्हावें लागतें?

शेवटचें ‘पिजन साँग’ तर दोन-अडीच मिनिटांची एक थट्टा वाटते. नायक खेडवळ बोलींत सांगतो कीं, त्याच्याजवळ एक कबूतर होतें, तें त्यानें मारलें; कुत्रा होता, त्याचाही शेवट केला; पूल उडविला; शेतही आतां जागेवर नाहीं. कां केलें तें त्याला कळत नाहीं, पण वाईटही वाटत नाहीं, कारण त्याला मोकळें व्हावयाचें आहे. प्रथम हंसूं येतें. मग तें थांबतें. जें जें आपलें होतें तें तें नाहींसें करून मिळविलेली ही मोकळीक कोणाची? १९७२ सालीं, ‘अमेरिका’ असें नांव धारण करणाऱ्या तबकडीच्या अखेरीस हें गाणें यावें, ही गोष्ट आम्हांला निव्वळ गंमत वाटत नाहीं. मुखपृष्ठावर हे तिघे तरुण बसलेले आहेत आणि त्यांच्या मागें अमेरिकेच्या मूळ रहिवाशांचें एक मोठें छायाचित्र आहे. त्या चित्राकडे आणि या गाण्याकडे एकत्र पाहिलें म्हणजे मृदु संगीतावरच्या पळपुटेपणाच्या आरोपाला येथें उत्तर मिळतें. आवाज हलका आहे. पण त्याखालीं घर गमावल्याची, झोप गमावल्याची आणि आपल्याच हातून कांहीं मोडल्याची जाणीव आहे.

मग हें लोकांना ऐकूं कां आलें नाहीं? येथें पुन्हां त्या आंकड्याकडे यावें लागतें. १९७२ मध्यें ‘बिलबोर्ड’चीं कोष्टकें ठराविक दुकानदारांनीं कळविलेल्या खपावरून तयार होत, आणि सुट्या गाण्यांच्या बाबतींत रेडिओ केंद्रें काय वाजवितात हेंही त्यांत धरलें जाई. प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या तबकड्यांची यंत्रानें मोजदाद १९९१ मध्यें सुरू झाली. म्हणजे ‘पहिला क्रमांक’ याचा अर्थ एवढाच कीं, अमुक आठवड्यांत ही वस्तु इतर वस्तूंच्या पुढें होती. घरीं नेल्यावर ती कोणीं कशी ऐकली, दुसरी बाजू उलटून लावली कीं नाहीं, हें त्यांत येत नाहीं. आणि या तबकडीच्या बाबतींत अशी शंका घेण्यास जागा आहे. जें गाणें तिला घरोघरीं घेऊन गेलें तेंच तिच्या दाराशीं उभें राहिलें. लोकांनीं घोडा विकत घेतला; बाकीचीं गाणीं त्याच्या पाठीवरून आलेलें ओझें ठरलीं. टीकाकारांनीं तरी दुसरें काय केलें? त्यांनीं घोड्याला दूषणें दिलीं आणि ओझें न सोडतांच परत पाठविलें.

भर घालण्याचा तो व्यापारी निर्णय चूक होता, असें मात्र आम्ही म्हणणार नाहीं. तो झाला नसता तर ही तबकडी कदाचित् इंग्लंडांतच धूळ खात पडली असती. खुद्द इंग्लंडांत तें गाणें तिसऱ्या जागेपर्यंत गेलें. पहिली जागा त्याला दिली ती ज्या देशाचें नांव या तिघांनीं घेतलें होतें त्यानें. दूर राहून ज्याची हांक मारली त्यानें ‘ओ’ दिली. १९७३ मध्यें ‘ईगल्स’सारखे स्पर्धक असतां नव्या कलावंतांचें ग्रॅमी पारितोषिकही त्यांनाच मिळालें. तिघे अमेरिकेस जाऊन राहिले. १९७२ च्या अखेरीस आलेल्या त्यांच्या दुसऱ्या तबकडीचें नांवच ‘होमकमिंग’, म्हणजे घरीं परतणें. १९७४ पासून ‘बीटल्स’चे निर्माते जॉर्ज मार्टिन यांच्या हाताखालीं त्यांचें काम अधिक रेखीव झालें, आणि १९७५ मध्यें ‘सिस्टर गोल्डन हेअर’नें पुन्हां पहिली जागा घेतली. १९७७ मध्यें पीक वेगळे झाले. २०११ मध्यें ते वारले. पुढच्या गाण्यांत सफाई वाढली, बांधणी सुधारली. परंतु पहिल्या तबकडींतील ती ओढ पुन्हां तशी उमटली नाहीं. तें साहजिकच होतें. ज्या देशाकडे पाहून ते गात होते त्यांत ते आतां राहावयास गेले होते.

ज्या घरांतून मुलगा किंवा मुलगी शिक्षणासाठीं अगर नोकरीसाठीं दूर गेली आहे, त्या घरांना ही तबकडी ऐकतांना फारसें भाषांतर करावें लागणार नाहीं. एक सूचना मात्र कराविशी वाटते. ती दुसऱ्या बाजूकडून लावावी. ‘आय नीड यू’ प्रथम ऐकावें, ‘पिजन साँग’पर्यंत जावें, मग उलटून ‘रिव्हरसाइड’ आणि ‘सँडमन’ ऐकावीं. घोड्याचें गाणें पहिल्या बाजूवर पांचवें आहे. इतक्या वळणानें त्याच्यापर्यंत पोंचलें म्हणजे तें पहिल्या क्रमांकाचें गाणें राहत नाहीं. परमुलुखांत वाढलेल्या एका मुलानें आठवून आठवून सांगितलेली उन्हाची हकीकत होते, आणि तशी ती ऐकली असतां अजूनही गोड लागते.